रेसकोर्सवर रॉक, करी रोडला लोकल: जुना बँड वाजला की चाहते दोन गटांत का विभागतात?

८ आणि ९ मार्च २०२५ रोजी मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवर लोलापलूझा इंडिया महोत्सव झाला. त्यातलं सर्वांत मोठं नाव होतं अमेरिकेचा 'ग्रीन डे'. १९८७ पासून वाजवणारा हा बँड भारतात पहिल्यांदाच येत होता. ज्यांनी कॉलेजच्या दिवसांत त्यांच्या कॅसेट झिजवल्या होत्या, ते आता चाळिशी ओलांडून मैदानात उभे होते. शेजारी त्यांच्या मुलांच्या वयाची पोरंही होती.

करी रोड स्टेशनपासून हे मैदान साधारण दोन-अडीच किलोमीटरवर आहे. गेल्या काही वर्षांत इथे जुने-जाणते रॉक बँड येऊ लागले आहेत. प्रत्येक कार्यक्रमानंतर फीडवर दोन सूर हमखास ऐकू येतात. एक म्हणतो, 'आयुष्य सार्थकी लागलं'. दुसरा म्हणतो, 'काय मजा नाही आली राव'. दोघं एकाच मैदानात असतात, मग एवढा फरक पडतो कसा?

हेडलाइनर म्हणजे नेमकं काय?

महोत्सवात दिवसभरात अनेक कलाकार वाजवतात. त्यातला दिवसाचा शेवटचा आणि सर्वांत मोठा कलाकार म्हणजे हेडलाइनर. पोस्टरवर त्याचं नाव सगळ्यांत वर आणि मोठ्या अक्षरात असतं. त्याला सर्वाधिक वेळ मिळतो, म्हणजे साधारण दीड तास. बरीच तिकिटं त्याच्या नावावर विकली जातात, त्यामुळे अपेक्षांचं ओझंही त्याच्यावरच येतं.

लोलापलूझा १९९१ मध्ये अमेरिकेत फिरता महोत्सव म्हणून सुरू झाला. जेन्स अ‍ॅडिक्शन या बँडचा गायक पेरी फॅरेल याची ती कल्पना. २००५ पासून तो शिकागोच्या ग्रँट पार्कमध्ये भरतो आणि जानेवारी २०२३ मध्ये तो मुंबईत, म्हणजे आशियात पहिल्यांदा आला. ग्रीन डेचं या महोत्सवाशी नातं जुनं आहे. १९९४ च्या लोलापलूझा दौऱ्यात ते होते, पण तेव्हा दुपारच्या उन्हात वाजवणारा नवखा बँड म्हणून.

मुंबईने याआधी कोणाला ऐकलं?

- रोलिंग स्टोन्स (स्थापना १९६२): एप्रिल २००३, ब्रेबॉर्न स्टेडियम
- आयर्न मेडन (१९७५): फेब्रुवारी २००८, वांद्रे-कुर्ला संकुल
- गन्स अँड रोझेस (१९८५): डिसेंबर २०१२, वांद्रे-कुर्ला संकुल, मे २०२५, महालक्ष्मी रेसकोर्स
- यू-टू (१९७६): डिसेंबर २०१९, नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम
- द स्ट्रोक्स (१९९८): जानेवारी २०२३, लोलापलूझा, महालक्ष्मी रेसकोर्स

यातले पहिले चारही बँड स्वतंत्र कार्यक्रमासाठी आले होते. तिथे येणारा जवळपास प्रत्येकजण त्याच बँडसाठी येतो. महोत्सवाचं तसं नसतं. कोणी पॉप गायकासाठी, कोणी रॅपरसाठी, तर कोणी नुसतं वातावरण बघायला आलेलं असतं. जुन्या चाहत्याला आजूबाजूला हजारो आवाज आपल्यासोबत गाताना ऐकायचे असतात आणि शेजारचा मात्र फक्त दोन प्रसिद्ध गाण्यांपुरता जागा होतो. 'गर्दी थंड होती' ही तक्रार बहुतेक वेळा इथून येते.

'माझं गाणं वाजवलंच नाही'

२०२४ मध्ये ग्रीन डेने 'डुकी' (१९९४) आणि 'अमेरिकन इडियट' (२००४) हे दोन अल्बम ३० आणि २० वर्षं पूर्ण झाल्यानिमित्त दौऱ्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवले. त्याच्या क्लिप भारतातल्या चाहत्यांनीही पाहिल्या होत्या. पण दोन पूर्ण अल्बम महोत्सवाच्या वेळेत बसत नाहीत. तिथे बँड निवडक गाणी घेतो आणि ती निवडताना नवख्या प्रेक्षकाचाही विचार करतो.

त्यात मोठे बँड गाण्यांची यादी जवळपास प्रत्येक शहरात तीच ठेवतात. प्रकाशयोजना, पडद्यावरची दृश्यं आणि आतषबाजी त्या क्रमाशी जोडलेली असते. ऐन वेळी गाणं बदललं की मागची सगळी यंत्रणा हलवावी लागते. त्यामुळे आदल्या शहरातली यादी नेटवर बघून गेलेला चाहता फारसा निराश होत नाही. मनात स्वतःची यादी घेऊन गेलेल्याचा हिरमोड होण्याची शक्यता जास्त.

वय झालेला आवाज

मे २०२५ मध्ये गन्स अँड रोझेस मुंबईत आले, तेव्हा गायक अ‍ॅक्सल रोझ ६३ वर्षांचा होता. त्याच्या आवाजावर जगभर वाद होतो आणि तो मुंबईपुरता नाही. विशी-पंचविशीत रेकॉर्ड केलेल्या तार सप्तकातल्या किंकाळ्या साठीनंतर तशाच निघणं अवघड असतं. वयानुसार स्वरतंतूंची लवचीकता कमी होते, श्वासाची ताकदही घटते.

यावर अनेक बँड एक जुना उपाय करतात, पट्टी खाली आणतात. भजनी मंडळात बुवांचा आवाज बसला की पेटीवाला 'काळी दोन'वरून 'काळी एक'वर येतो, तसंच. काही जण उंच ओळी प्रेक्षकांकडून गाऊन घेतात. घरी रोज मूळ रेकॉर्डिंग ऐकणाऱ्या चाहत्याला हा बदल लगेच कानाला खटकतो. दुसऱ्याला मात्र समोर तो माणूस उभा आहे, एवढंच पुरेसं असतं.

माणूसच बदलला तर?

इथे भावना जास्त नाजूक होतात. लिंकिन पार्कचा गायक चेस्टर बेनिंग्टन याचा जुलै २०१७ मध्ये मृत्यू झाला. त्यानंतर बँड सात वर्षं गप्प राहिला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये एमिली आर्मस्ट्राँग या नव्या गायिकेसह परतला. लोलापलूझा इंडियाच्या जानेवारी २०२६ च्या आवृत्तीसाठी त्यांचं नाव जाहीर होताच वाद पुन्हा पेटला. एक बाजू म्हणते, चेस्टरशिवाय ही गाणी म्हणजे नक्कल. दुसरी म्हणते, गाणी ज्यांनी लिहिली ते गाणारच, आणि ऐकणाऱ्यांनाही त्यांची गरज आहे.

चेस्टरचा आवाज अनेकांना त्यांच्या सर्वांत वाईट दिवसांत साथ देऊन गेला होता. त्यामुळे हा वाद सुरांपुरता उरत नाही. कोणी मैदानात रडतं, कोणी तिकीटच काढत नाही. दोन्ही प्रतिक्रियांच्या मुळाशी एकच दुःख असतं.

उभं कुठे होता, यावर सगळं ठरतं

आवाज हवेत सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. स्टेजपासून १०० मीटरवर उभ्या असलेल्या माणसाला तो जवळपास एक तृतीयांश सेकंद उशिरा पोहोचतो. म्हणून मागे बसलेल्यांना पडद्यावर ओठ आधी हलताना दिसतात. हे सांधण्यासाठी मैदानाच्या मध्ये वेगळे स्पीकर लावून त्यांचा आवाज मोजून-मापून उशिरा सोडतात. त्यांच्या पट्ट्यात उभं राहिलं तर आवाज स्वच्छ येतो, दोन पट्ट्यांच्या मध्ये सापडलं तर घुमतो. त्यात रेसकोर्स उघडं आणि समुद्राजवळचं. वारा फिरला की सूर इकडे-तिकडे जातात.

पुढची जागा महागड्या तिकिटांसाठी राखलेली असते, हाही नेहमीचा राग. सगळी गाणी पाठ असलेला विद्यार्थी मागे आणि पुढे गप्पा मारणारी मंडळी, असं चित्र दिसलं की बँडही बिचकतो. कारण स्टेजवरून त्याला पहिल्या रांगाच नीट दिसतात.

क्लिप बघून मत बनवावं का?

जपून. मोबाइलचा माइक बोलण्यासाठी बनवलेला असतो. मोठा आवाज आला की तो आपोआप दाबतो, बेस फाटतो आणि सर्वांत स्पष्ट ऐकू येतो तो शेजारी बेसूर ओरडणारा. तीस सेकंदांच्या फाटक्या क्लिपवरून 'गायक संपला' असा निकाल देणं म्हणजे लालबागच्या मिरवणुकीतली बँजो पार्टी चौथ्या मजल्यावरच्या बंद खिडकीतून ऐकून नावं ठेवणं. उलट अधिकृत व्हिडिओत आवाज नंतर साफ केलेला असतो, त्यामुळे तोही पूर्ण पुरावा नाही.

दहाच्या ठोक्याला बंद का?

ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. राज्य सरकार वर्षातले मोजके दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं, पण ते दिवस बहुतांशी गणपती, नवरात्रीसारख्या सणांना जातात. म्हणून परदेशात अकरापर्यंत वाजवणारा बँड मुंबईत दहाला थांबतो. 'आणखी एक' असा गजर कितीही झाला तरी उपयोग नसतो.

याच नियमांनी धोबी तलावच्या रंगभवनचाही निरोप घेतला. इंडिपेंडन्स रॉक महोत्सवाचं ते घर. 'रॉक मशीन' म्हणून १९८४ मध्ये सुरू झालेला आणि १९९३ मध्ये 'इंडस क्रीड' झालेला मुंबईचा बँड तिथेच गाजला. आसपास रुग्णालयं आणि महाविद्यालय असल्याने परिसर शांतता क्षेत्रात आला आणि तिथला रॉक थांबला. पुढे करी रोडच्या पलीकडे लोअर परळमध्ये, मथुरादास मिलच्या आवारात २००७ मध्ये ब्लू फ्रॉग सुरू झालं. तेही २०१६ मध्ये मुंबईतून गेलं.

परतीची वाट

दहाला हजारो लोक एकदम बाहेर पडतात. पश्चिम रेल्वेवाल्यांना महालक्ष्मी स्टेशन जवळ आहे. ठाणे-डोंबिवलीकडचे अनेकजण लोअर परळचा डिलाईल पूल ओलांडून करी रोड गाठतात. २०१८ मध्ये बंद झालेला हा पूल २०२३ च्या अखेरीस पूर्ण खुला झाला. करी रोडला फक्त धीम्या गाड्या थांबतात आणि रविवारच्या वेळापत्रकात त्या कमी असतात. ऑक्टोबर २०२५ पासून मेट्रो-३ चं महालक्ष्मी स्थानकही सुरू झालं आहे.

या प्रतिक्रियांनी काही फरक पडतो का?

पडतो. पुढच्या वर्षी कोणाला आणायचं, हे आयोजक तिकीट विक्रीबरोबर चर्चेवरूनही ठरवतात. नुसतं 'भंगार' लिहिलं तर त्यांना काहीच कळत नाही. कोणत्या भागात आवाज घुमला, पाणी कुठे संपलं, कोणत्या फाटकावर चेंगराचेंगरी होत होती, हे लिहिलं तर सुधारता येतं.

जागेचा प्रश्नही आहे. रेसकोर्सची १२० एकर जमीन महापालिकेकडे घेऊन तिथे सार्वजनिक उद्यान करायचं ठरलं आहे. मुंबईकरांना मोकळी हिरवळ हवीच. पण रंगभवननंतर एवढी मोठी, लोकलपासून चालत जाता येईल अशी जागा शहराला मोठ्या मुश्किलीने मिळाली. उद्या ती आक्रसली तर पुढचा जुना बँड ऐकायला नेरूळ किंवा त्याहून लांब जावं लागेल, आणि परतीच्या गाडीचं गणित आणखी अवघड होईल.