जोडचित्र, कातळशिल्पांचे

एकाच विषयाची अनेक छायाचित्रे कडा एकमेकींवर चढवून जुळवली की जी एकसंध प्रतिमा तयार होते, तिला जोडचित्र म्हणता येईल. कोकणात त्याची खरी गरज भासते ती सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर कोरलेल्या कातळशिल्पांसाठी. मालवण तालुक्यातील कुडोपीच्या कातळशिल्पांचा समावेश २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत झाला. जांभ्यावर आडवी कोरलेली अशी आकृती उभ्याने टिपली, तर जवळची बाजू फुगते, पलीकडची आक्रसते. मग ड्रोन उंच नेऊन एकच फोटो का घेऊ नये? कारण प्रमाण सांभाळले तरी खाच हरवते. ६,००० बिंदू रुंदीची प्रतिमा ६ मीटर जागा व्यापते तेव्हा एक बिंदू म्हणजे १ मिलिमीटर. ६० मीटर व्यापली की तोच १ सेंटिमीटर, आणि दोन-तीन सेंटिमीटरची खाच दोन-तीन बिंदूंत संपते. राजापूर तालुक्यातील कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब असून त्याच्या अंगात इतर प्राणी कोरलेले आहेत. हत्ती आणि त्याच्या पोटातला मासा दोन्ही नीट वाचायचे, तर कमी उंचीवरून सरकत शंभरेक फोटो घेणे आलेच. एका जागी उभे राहून कॅमेरा फिरवणे इथे चालत नाही, तो जमिनीला समांतर पुढे न्यावा लागतो. लगतच्या फोटोंत ६० ते ८० टक्के भाग सामाईक ठेवतात. जांभ्याची भोके इथे उपयोगी पडतात, कारण संगणक त्यांच्याच खुणा धरून जुळणी करतो.

असे दृश्य कुणाच्याही डोळ्याने कधी पाहिलेले नसते, मग तो पुरावा कसा, हा आक्षेप वजनदार आहे. सांधे लपवताना संगणक एखादी रेषा पुसतो किंवा दुहेरी करतो, हेही खरे. तासाभरात सावली वळली तर अधिकच. म्हणून जुळणीसाठी ढगाळ उजेड बरा, आणि खोली दाखवणारे सकाळच्या तिरप्या उन्हातले फोटो वेगळे घ्यावेत. पण हाताने काढलेला आराखडा तरी निर्विवाद कुठे असतो? कोरीव रेषा कोणती आणि नैसर्गिक तडा कोणता, हे रेखाटणारा आधीच ठरवून टाकतो. जोडचित्रात तो निर्णय खुला राहतो, मात्र मोजपट्टी चौकटीत असेल आणि मूळ फोटो जपलेले असतील तरच. आकृती उठून दिसावी म्हणून खाचांत रांगोळी भरून घेतलेला फोटो कितीही देखणा असला, तरी त्यात दिसते ते भरणाऱ्याचे मत.