लिव्ह अँड लायसन्स करार

लिव्ह अँड लायसन्स करार हा स्थावर मालमत्ता ठरावीक मुदतीसाठी, ठरावीक शुल्काच्या मोबदल्यात वापरण्याची परवानगी देणारा करार आहे. महाराष्ट्रातील शहरांत घर भाड्याने देण्यासाठी प्रामुख्याने याच कराराचा वापर होतो. व्यवहारात त्यास 'भाडेकरार' म्हटले जात असले, तरी कायद्याच्या दृष्टीने तो भाडेपट्ट्याहून भिन्न आहे. मुदतीअखेर मालकास घराचा ताबा परत मिळणे या भेदावर अवलंबून असते.

भाडेपट्ट्याशी तुलना

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १०५ नुसार भाडेपट्ट्याने मालमत्तेच्या उपभोगाचा हक्क हस्तांतरित होतो. याउलट भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम ५२ मध्ये वर्णिलेल्या परवानगीने मालमत्तेत कोणताही हितसंबंध निर्माण होत नाही. परवानगीअभावी जे कृत्य बेकायदेशीर ठरले असते, ते करण्याची केवळ मुभा मिळते. दस्तऐवजास कोणते नाव दिले आहे यापेक्षा त्यातील आशय व पक्षांचा उद्देश महत्त्वाचा, असे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये असोसिएटेड हॉटेल्स ऑफ इंडिया विरुद्ध आर. एन. कपूर या खटल्यात मांडले.

पार्श्वभूमी

मुंबई भाडे नियंत्रण कायदा, १९४७ अन्वये प्रमाण भाडे सर्वसाधारणपणे १ सप्टेंबर १९४० रोजीच्या पातळीवर गोठवण्यात आले आणि भाडेकरूस घरातून काढण्याची कारणे मर्यादित करण्यात आली. या बंधनांतून वाट काढण्यासाठी मालक भाडेपट्ट्याऐवजी लिव्ह अँड लायसन्सचा आधार घेऊ लागले. पुढे कायद्यात दुरुस्ती होऊन १ फेब्रुवारी १९७३ रोजी अशा करारान्वये किमान एका खोलीच्या ताब्यात असलेल्या व्यक्तींना भाडेकरूचा दर्जा देण्यात आला. परिणामी तात्पुरती म्हणून दिलेली अनेक घरे मालकांना परत मिळाली नाहीत आणि घर भाड्याने देण्याऐवजी ते कुलूपबंद ठेवण्याकडे कल वाढला.

गोठवलेल्या भाड्याच्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी झाल्या आहेत, असे मत सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात १९९७ मध्ये नोंदवले. त्यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला.

लेखी करार व नोंदणी

१९९९ च्या अधिनियमातील कलम ५५ नुसार हा करार लेखी असणे व त्याची नोंदणी करणे बंधनकारक असून नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. कसूर झाल्यास तीन महिन्यांपर्यंत कारावास, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षांची तरतूद आहे. शिवाय असा नोंदणीकृत करार नसल्यास, अन्यथा सिद्ध होईपर्यंत, अटींबाबत वापरणाऱ्याचे म्हणणे ग्राह्य धरले जाते.

एक वर्षापेक्षा अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी नोंदणी अधिनियम, १९०८ नुसार सक्तीची असल्याने देशात अकरा महिन्यांच्या कराराची प्रथा रूढ झाली. महाराष्ट्रात मात्र मुदत अकरा महिने असली तरी नोंदणीतून सूट मिळत नाही. नोंदणी दुय्यम निबंधक कार्यालयात किंवा नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ऑनलाइन प्रणालीद्वारे करता येते.

मुद्रांक शुल्क

साठ महिन्यांपर्यंतच्या करारावर ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क आकारले जाते. एकूण भाडे, परत न करावयाची रक्कम आणि परतावायोग्य अनामत रकमेवरील वार्षिक १० टक्के दराने काढलेले व्याज यांच्या बेरजेवर ते मोजतात. उदाहरणार्थ, बारा महिन्यांसाठी दरमहा २०,००० रुपये भाडे आणि १,००,००० रुपये अनामत असल्यास २,४०,००० व १०,००० मिळून २,५०,००० रुपयांवर ६२५ रुपये शुल्क होते. साठ महिन्यांहून अधिक मुदतीच्या करारास भाडेपट्ट्याप्रमाणे शुल्क लागू होते.

मुदतीअखेर ताबा

निवासासाठी दिलेल्या जागेचा ताबा मुदत संपल्यावर परत न मिळाल्यास कलम २४ अन्वये मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतो. या कार्यवाहीत लेखी करार हा त्यातील मजकुराचा निर्णायक पुरावा मानला जातो. ताबा न सोडणाऱ्यास भाड्याच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते. त्यास आपली बाजू मांडण्यासाठी समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत शपथपत्र सादर करून परवानगी घ्यावी लागते. ही पद्धत व्यापारी गाळ्यांना लागू नाही.

गृहनिर्माण संस्था व प्राप्तिकर

सहकारी गृहनिर्माण संस्थेतील सदनिका भाड्याने दिल्यास संस्था सभासदाकडून बिनभोगवटा शुल्क घेऊ शकते. ऑगस्ट २००१ मधील शासन आदेशानुसार ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा अधिक असू शकत नाही. ही टक्केवारी काढताना महापालिकेचे कर वगळले जातात.

मालकास मिळणारे भाडे सामान्यतः 'घरापासूनचे उत्पन्न' या शीर्षाखाली करपात्र ठरते. मालकाने भरलेली घरपट्टी वजा केल्यानंतर उरलेल्या रकमेवर ३० टक्के प्रमाणित वजावट मिळते. प्रत्यक्ष दुरुस्ती-देखभालीचा खर्च कमी वा अधिक असला तरी वजावट तेवढीच राहते.