पेड न्यूज

रोख रक्कम किंवा अन्य मोबदला घेऊन बातमी, मुलाखत वा विश्लेषण म्हणून प्रसिद्ध केलेला मजकूर. प्रेस कौन्सिल ऑफ इंडियाच्या व्याख्येत मुद्रित आणि इलेक्ट्रॉनिक अशी दोन्ही माध्यमे येतात. जाहिरात वाचताना वाचक सावध असतो, बातमी वाचताना तो गाफील राहतो. मोबदला दिला जातो तो या गाफीलपणासाठीच.

या प्रकाराची सुरुवात निवडणुकीतून झाली नाही. टाइम्स समूहाने २००३ मध्ये ‘मीडियानेट’ सुरू करून मनोरंजन आणि जीवनशैलीच्या पानांवरील प्रसिद्धीला उघडपणे दर लावला. पुढे राजकीय प्रचारात ‘पॅकेज’ आले. त्यात दौऱ्याची बातमी, छायाचित्र, मुलाखत, सभेचे वृत्त असे सगळे एकत्र विकले जाते. प्रतिस्पर्ध्याविरुद्ध मजकूर छापण्याचेही पैसे घेतले जातात आणि पॅकेज न घेणाऱ्या उमेदवाराचे नाव पानावरून गायब होते.

महाराष्ट्रात हा विषय २००९ च्या विधानसभा निवडणुकीनंतर पेटला. पत्रकार पी. साईनाथ यांनी ‘द हिंदू’मधून तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांच्यावरील पानेच्या पाने दाखवून दिली. एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या मराठी दैनिकांत शब्दाला शब्द जुळणारा मजकूर आला होता, तोही वेगवेगळ्या नावांनी. चव्हाण यांनी निवडणूक खर्चाच्या हिशेबात वृत्तपत्रांतील जाहिरातींपोटी ५,३७९ रुपये दाखवले होते. त्या वेळी विधानसभेच्या उमेदवाराची खर्चमर्यादा १० लाख रुपये होती. आपण या मजकुरासाठी पैसे दिले नाहीत, अशी त्यांची भूमिका होती. निवडणूक आयोगाने जुलै २०१४ मध्ये त्यांच्या हिशेबावर ठपका ठेवला. सप्टेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने आयोगाचा आदेश रद्द केला.

पैशांची पावती सहसा सापडत नाही, म्हणून ओळख मजकुरावरूनच पटवावी लागते. पहिली खूण विशेषणांची. ‘झंझावाती दौरा’, ‘उत्स्फूर्त प्रतिसाद’, ‘अभूतपूर्व जनसागर’, ‘कार्यसम्राट’, ‘विजय निश्चित’ हे शब्द प्रचारपत्रकाचे आहेत. वार्ताहराला गर्दीचा अंदाज सांगता येतो, तिची उत्स्फूर्तता मोजता येत नाही. दुसरी खूण कर्त्याची. ‘अशी चर्चा मतदारांत आहे’, ‘असे बोलले जात आहे’ या वाक्यांत बोलणारा कोण, हे कधीच कळत नाही. विरोधकाची बाजू, स्थानिकांची तक्रार, अडलेला प्रश्न यांतले काहीच अशा बातमीत नसते. सभेत एकानेही पाण्याबद्दल विचारले नाही, असे गाव महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. छपाईच्या खुणाही उपयोगी पडतात : वेगळा टाइप, चौकट, ठरावीक जागी रोज येणारा तेवढ्याच आकाराचा मजकूर. कधी एकाच पानावर एकाच मतदारसंघातील दोन उमेदवारांचा विजय ‘निश्चित’ झालेला दिसतो. तिथे आणखी पुरावा शोधायला नको. वगळलेला उमेदवार मात्र एकच वर्तमानपत्र वाचून ध्यानात येत नाही, त्यासाठी दोन-तीन वर्तमानपत्रे शेजारी ठेवावी लागतात.

प्रत्येक गोडगोड बातमी विकत घेतलेली नसते. राजकीय आपलेपणा, मालकाचा कल, वार्ताहराचा आळस किंवा आलेले प्रसिद्धिपत्रक जसेच्या तसे छापण्याची सवय यांतूनही असाच मजकूर तयार होतो. त्यामुळे वरील खुणांवरून प्रचार ओळखता येतो, व्यवहार सिद्ध होत नाही. नेत्याच्या वाढदिवसाची पुरवणी हा मधला प्रदेश आहे : तिथे शुभेच्छांच्या जाहिराती उघड असतात आणि त्यांच्या मध्ये लेख असतो.

पेड न्यूजच्या चौकशीसाठी प्रेस कौन्सिलने परंजॉय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी यांची उपसमिती नेमली. वृत्तपत्रांची नावे असलेला तिचा सविस्तर अहवाल कौन्सिलने २०१० मध्ये बाजूला ठेवून संक्षिप्त अहवाल स्वीकारला. मूळ अहवाल केंद्रीय माहिती आयोगाच्या आदेशानंतर २०११ मध्ये खुला झाला. त्याच वर्षी पेड न्यूजच्या प्रकरणात उत्तर प्रदेशातील आमदार उमलेश यादव यांना निवडणूक आयोगाने तीन वर्षांसाठी अपात्र ठरवले. आधार होता लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ मधील कलम १०अ, म्हणजे खर्चाचा योग्य हिशेब न देणे. पेड न्यूज हा स्वतंत्र निवडणूक गुन्हा व्हावा, अशी शिफारस आयोगाने केली आणि विधी आयोगानेही २०१५ च्या २५५ व्या अहवालात ती केली. निवडणुकीच्या काळात माध्यम प्रमाणन व संनियंत्रण समित्या संशयित मजकूर तपासतात आणि तो पेड ठरल्यास त्याची किंमत उमेदवाराच्या खर्चात धरली जाते.