शेंद्र्याची ऑक्टेव्हिया

मोटारींच्या संबंधात आमच्या शहराची एकच कथा महाराष्ट्रास पाठ आहे. सन २०१०च्या ऑक्टोबरात येथील व्यापारी, कारखानदार व डॉक्टर मंडळींनी एकजूट करून एकाच दिवशी दीडशे मर्सिडीझ मोटारी घेतल्या, आणि सुमारे पासष्ट कोटींच्या त्या खरेदीची वार्ता दूरदूरच्या वृत्तपत्रांत झळकली. कथा खरी आहे, आणि ती सांगताना आमच्या नगरबंधूंचा कंठ अद्यापि दाटून येतो. परंतु इतिहासाच्या अभ्यासकास ती फारशी उपयोगी नाही. खरेदी ही पैशाची गोष्ट, आणि पैसा कोणत्याही गावी असू शकतो. त्या दिवसाच्या नऊ वर्षे आधीपासून, याच शहराच्या पूर्वेस जालना रस्त्यावरील शेंद्रा येथे, एक मोटार जोडली जात होती. तिने आपल्या देशातील सुशिक्षित गृहस्थाची मोटारीच्या बळाविषयीची समजूतच पालटून टाकली. तिचा वृत्तांत मात्र कोणी लिहून ठेवलेला आमच्या पाहण्यात नाही. ती मोटार म्हणजे स्कोडा कंपनीची ऑक्टेव्हिया. (शहराचे नाव २०२३ साली छत्रपती संभाजीनगर झाले; पुढील बहुतेक हकीकत त्यापूर्वीची असल्याने जुन्या कागदांत वाचकांस औरंगाबाद हेच नाव आढळेल.)

स्कोडाचे मूळ गाव चेक देशातील म्लादा बोलेस्लाव. तेथे १८९५ साली व्हाक्लाव्ह लाउरिन हा कारागीर व व्हाक्लाव्ह क्लेमेंट हा पुस्तकविक्रेता यांनी सायकलींचा धंदा काढला. त्याचे निमित्त मोठे मौजेचे आहे. क्लेमेंटची जर्मन बनावटीची सायकल नादुरुस्त झाली. त्याने कंपनीच्या शाखेस चेक भाषेत तक्रार लिहिली. उत्तर आले ते जर्मन भाषेत, आणि त्याचा मथितार्थ असा की, आम्हांस कळेल अशा भाषेत लिहा! ज्या देशाची भाषा परकीय राज्यात दुय्यम ठरली होती, त्या देशातील माणसास हे किती झोंबले असेल, ते मराठी वाचकांस, त्यातही निजामी अमदानी भोगलेल्या मराठवाड्यातील वाचकांस, सांगावयास नको. त्याने उत्तरास प्रत्युत्तर लिहिले नाही, कारखाना काढला. १९०५ साली या दोघांची पहिली मोटार निघाली. १९२५ साली त्यांचा धंदा प्ल्झेन येथील बलाढ्य स्कोडा कारखान्यात विलीन झाला. लॅटिनमधील ‘आठवी’ या अर्थाच्या शब्दावरून ऑक्टेव्हिया हे नाव १९५९ साली एका मोटारीस दिले गेले. पुढे साम्यवादी राजवट गेल्यावर १९९१ साली जर्मनीच्या फोक्सवागेनने स्कोडाशी भागीदारी केली, आणि १९९६ साली तेच नाव घेऊन नवी ऑक्टेव्हिया जन्मास आली. शेंद्र्यास आली ती ही.

आता बळाविषयी. ज्या पिढीने मोटार म्हणजे अँबॅसिडर अथवा पद्मिनी असे समीकरण मानले, तिच्या लेखी डिझेल हे मालमोटारीचे व ट्रॅक्टरचे इंधन होते. डिझेलची मोटार म्हणजे खडखडाट, धूर आणि चढावर धापा. जोरकस मोटार ती, जिचे एंजिन किंचाळते, अशी दुसरी समजूत होती. १९९८ नंतर होंडा सिटीसारख्या जपानी मोटारींनी ती अधिकच दृढ केली. त्यांतील नामांकित एंजिनाची अश्वशक्ती शंभरावर होती खरी, पण ती सर्व हाती येई ती फेऱ्यांचा काटा मिनिटास सहा हजारांच्या पलीकडे गेल्यावर. तरुण चालकांस त्यात आनंद होता. शेजारी बसलेल्या मातोश्रींस नव्हता.

ऑक्टेव्हियाच्या १.९ लिटर डिझेल एंजिनाची अश्वशक्ती अवघी नव्वद. कागदावर पाहता ती होंडाहून कमी. परंतु तिचा टॉर्क, म्हणजे आस फिरविण्याचे बल, २१० न्यूटन-मीटर होता, आणि तो पूर्ण मिळे तो अवघ्या १९०० फेऱ्यांस. हा आकडा वाचकांस नीरस वाटू नये म्हणून असे समजावे: एक मीटर लांबीचा दांडा आडवा धरून त्याच्या टोकास सुमारे साडेएकवीस किलोचे वजन टांगले, तर दांड्याच्या मुळाशी जो पीळ पडेल तो हा. अश्वशक्ती म्हणजे हा पीळ आणि फेऱ्यांचा वेग यांचा गुणाकार. त्या हिशेबाने केवळ १९०० फेऱ्यांस, म्हणजे एंजिन जेमतेम गुणगुणत असताना, ते सुमारे सत्तावन्न अश्वशक्ती देत असे. बिचाऱ्या पद्मिनीचे एंजिन घाम गाळूनही चाळिशीच्या आसपासच थांबे.

शहरी वाचकांनी पाहिला नसेल, पण मराठवाड्यातील शेतकऱ्यास हा भेद उपजत ठाऊक होता. टांग्याचा घोडा आणि मोटेचा बैल यांत बलवान कोण, असे त्यास विचारावे. घोड्याचे बळ धावण्यात प्रकटते. बैल मात्र पहिल्या पावलासच चऱ्हाट ताणतो, आणि भरलेली मोट विहिरीच्या तळातून उचलली जाते ती त्या पहिल्या पावलावर. आमच्या शहरातील पाणचक्कीही याच जातीची. डोंगरातील झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून आणून उंचावरून सोडावे, आणि त्या भाराने दगडी जाते संथपणे, पण न थांबता, फिरावे, ही तिची रीत. जलद फिरणे तिला कधी जमले नाही, आणि त्यावाचून तिचे अडलेही नाही.

डिझेल एंजिनास ही संथ ताकद कोठून लाभते, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. रुडॉल्फ डिझेलचे पहिले यशस्वी एंजिन १८९७ साली आउग्सबुर्ग येथे चालले. त्यात ठिणगी नाही. हवाच इतकी दाबावयाची की ती तापून तिच्यात फवारलेले तेल आपोआप पेटावे. ऑक्टेव्हियात हा दाब सुमारे एकोणीस पटींचा, पेट्रोलच्या तत्कालीन एंजिनांत नऊ-दहा पटींचा. एवढा दाब सोसावयाचा म्हणून दट्ट्या व दांडे जड करावे लागतात, आणि जड वस्तू फार वेगाने खालीवर नाचविता येत नाही. मंदगती हा तिचा स्वभावच. पण केवळ दाबाने हे बळ येत नाही. आल्फ्रेड ब्युखी या स्विस यंत्रज्ञाने १९०५ साली अशी कल्पना नोंदविली होती की, धुराड्यातून वाया जाणाऱ्या वायूंनी एक चक्र फिरवावे आणि त्या चक्राने एंजिनात अधिक हवा कोंबावी. हीच टर्बोची युक्ती. ती आणि दट्ट्याच्या माथ्यावर थेट तेल फवारण्याची पद्धत यांची सांगड ऑडीने १९८९ साली आपल्या मोटारीत घातली. १९९१ साली त्याच घराण्यातील १.९ लिटरचे नव्वद अश्वशक्तीचे एंजिन निघाले, आणि दहा वर्षांनी ते औरंगाबादेस पोचले.

आम्ही स्वतः गेली काही वर्षे २००३ सालची अशी एक ऑक्टेव्हिया चालवीत आलो आहो, तेव्हा घाटातील तिच्या वर्तनाविषयी थोडे लिहिण्याचा अधिकार आम्हांस आहे असे समजतो. चाळीसगावहून कन्नडकडे येताना औट्रम घाट लागतो. खानदेशच्या सपाटीवरून दख्खनच्या पठारावर चढविणारा हा घाट एका इंग्रज अधिकाऱ्याचे नाव अजून वागवीत आहे. तेथे वळणावर पुढे उसाची मालमोटार आली म्हणजे या गाडीची खरी परीक्षा. काटा दीड हजाराखाली गेला तर ती रुसते. टर्बोचे चक्र अद्याप फिरू लागलेले नसते, आणि अशा वेळी पाय कितीही दाबला तरी धुरावाचून काही हाती लागत नाही. नवख्या चालकाची फजिती येथेच होते. जाणता चालक अगोदरच दुसऱ्या गिअरात उतरतो, काटा अठराशे-दोन हजारांवर ठेवतो, आणि पुढचा रस्ता मोकळा दिसताच पाय अलगद टेकतो. आवाज फारसा वाढत नाही. पाठीस मात्र कोणी तळहाताने रेटावे तशी जाणीव होते आणि मालमोटार मागे पडते. साडेतीन हजारांपुढे एंजिन ताणण्यात अर्थ नाही. तेथे गोंगाट आहे, बळ नाही. सपाट रस्त्यावर ताशी शंभराच्या वेगासही काटा पाचव्या गिअरात दोन हजारांच्या आसपासच राहतो, त्यामुळे मागच्या आसनावरील मंडळींची निद्रा वा संभाषण यांत व्यत्यय येत नाही. अशी मोटार चालविणे म्हणजे पुढचे पाहून आधी ठरविणे. आयत्या वेळच्या शौर्यास तीत जागा कमी.

२००४ साली याच मोटारीचा आर.एस. हा अवतार आला. ही दोन अक्षरे रॅली स्पोर्ट या शब्दांची. स्कोडाच्या १३० आर.एस. या मोटारीने १९७७ साली मोंटे कार्लोच्या शर्यतीत आपल्या वर्गात विजय मिळविला होता, त्या परंपरेची ती खूण. आपल्याकडील आर.एस. पेट्रोलची, १.८ लिटरची, टर्बोयुक्त, दीडशे अश्वशक्तीची होती. पण आमचे लक्ष वेधले ते तिच्या दुसऱ्या आकड्याने. तिचा टॉर्कही नेमका २१० न्यूटन-मीटरच, आणि तो १७५० फेऱ्यांपासूनच! शर्यतीचे नाव मिरविणारी गाडीसुद्धा मोटेच्या बैलाच्याच वंशातली निघाली. आमच्या मते हिंदी रस्त्यास खरी शोभणारी वेगवान मोटार तीच. जपानी एंजिनांच्या भक्तांनी रागावू नये.

पुढे ही दृष्टी सार्वत्रिक झाली. २००७ साली मारुतीच्या स्विफ्टमध्ये फियाटचे १.३ लिटरचे डिझेल एंजिन आले. त्याचा टॉर्क १९० न्यूटन-मीटर, दोन हजार फेऱ्यांस. जे बळ २००१ साली श्रीमंताघरीच होते, ते सहा वर्षांत शिक्षकाच्या अंगणात आले. यास केवळ यंत्रशास्त्र कारण नव्हे. त्या काळी डिझेलची किंमत सरकार ठरवी आणि ती पेट्रोलहून बरीच कमी असे; २०१४च्या ऑक्टोबरात हे नियंत्रण उठले. २०१५ साली फोक्सवागेनने आपल्या नंतरच्या डिझेल एंजिनांच्या धुराच्या चाचणीत केलेली लबाडी उघडकीस आली, आणि डिझेलची उरलीसुरली अब्रू गेली. १ एप्रिल २०२०पासून प्रदूषणाचे कडक नियम लागू होताच स्कोडा, फोक्सवागेन व मारुती या सर्वांनी आपल्या देशात डिझेलच्या मोटारी विकणे सोडले. धुराचा हिशेब मांडता हे योग्यच झाले. आवडत्या वस्तूचे दोष झाकणे हा इतिहास नव्हे.

पण शेंद्र्याचा प्रश्न निराळा आहे, आणि तो आम्हांस अधिक बोचतो. तेथे मोटार जोडली जाई, घडविली जात नसे. सुटे भाग पेट्यांतून युरोपातून येत. ज्या एंजिनाची एवढी प्रशंसा वर केली तेही तयार होऊनच येई. वाळूजला १९८५ साली बजाजचा कारखाना आला तेव्हा त्याभोवती सुटे भाग बनविणाऱ्या लहान उद्योगांचा संसार थाटला गेला. ऑक्टेव्हियाभोवती तसा थाटला गेला नाही. फोक्सवागेनने मोटारीचा सांगाडा घडविण्यापासूनचा मोठा कारखाना २००९ साली काढला तो चाकण येथे, आणि एंजिने जोडण्याचे कामही २०१५ साली तेथेच सुरू केले. मराठवाड्याच्या वाट्यास मोटारीचे हृदय आले नाही.

मग आले ते काय? कौशल्य आले. जोडणीच्या कामात प्रत्येक महत्त्वाचा बोल्ट ठरावीक न्यूटन-मीटरपर्यंतच आवळावा लागतो. त्यासाठीचा पाना ते माप गाठताच टक् असा आवाज करतो. जालना, पैठण, गंगापूरकडची आय.टी.आय. शिकलेली मुले हा आवाज ओळखावयास शिकली. टॉर्क म्हणजे काय हे त्यांस मनगटाने कळले, आमच्यासारख्यांस ते पुस्तकातून कळावे लागले. आमच्या वर्गात अशा कामगारांची मुले बसतात. मलिक अंबराचे नहर त्यांस परीक्षेपुरते पाठ असते. वडिलांनी जोडलेल्या मोटारीचे नाव इतिहासाच्या तासास घ्यावे, असे मात्र त्यांस कोणी सुचविलेले नसते.

आणि त्या मोटारी आता वेगाने नाहीशा होत आहेत. पहिल्या ऑक्टेव्हियाची विक्री २०१० साली थांबली. म्हणजे एम.एच. २० या अक्षरांच्या त्यांतील अगदी शेवटच्या गाडीनेही आता पंधरा वर्षांची मुदत गाठली. त्यानंतर दर पाच वर्षांनी तपासणी व पर्यावरण कर. नोंदणी नूतनाचे शुल्क एप्रिल २०२२मध्ये सहाशेचे पाच हजार झाले, आणि वीस वर्षांवरील मोटारींसाठी ते २०२५ साली दहा हजारांवर नेले गेले. सुटे भाग मिळविणे दुर्घट. मालक कंटाळतो आणि गाडी भंगारवाल्याकडे जाते. तिचे एंजिन तेव्हाही बहुधा चालू असते. म्लादा बोलेस्लाव येथे कंपनीचे संग्रहालय आहे. आमच्या शहरात पाणचक्की राखली आहे, दरवाजे निम्मेशिम्मे राखले आहेत. शेंद्र्याची एखादी ऑक्टेव्हिया, तिच्या जोडणीचे तक्ते, त्या कामगारांच्या आठवणी यांस एखादी खोली देणे महानगरपालिकेस किंवा विद्यापीठास अशक्य नाही. खर्च एका मर्सिडीझच्या किमतीहून कमीच येईल.

शेंद्र्याचा कारखाना चालू आहे. तेथे कोडियाक व ऑडीच्या गाड्या जोडल्या जातात. ऑक्टेव्हियाची आपल्या देशातील विक्री २०२३ साली बंद पडली. २०२५च्या ऑक्टोबरात आर.एस. ही अक्षरे घेऊन ती पुन्हा आली: २६५ अश्वशक्ती, आणि ३७० न्यूटन-मीटरचा टॉर्क सोळाशे फेऱ्यांपासून. साऱ्या देशासाठी शंभर गाड्या होत्या. त्या पूर्ण बांधलेल्याच परदेशातून आल्या. शेंद्र्याचा पाना त्यांतील एकाही बोल्टास लागला नाही.