पुतळीवरचा संत

आजीच्या डब्यातून निघणारी पुतळ्यांची माळ आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. नाण्यासारख्या सोन्याच्या पातळ चकत्या आणि त्यांवर उमटवलेली मानवाकृती, म्हणून नाव ‘पुतळी’. पुढे आपल्या सोनारांनी त्यांवर लक्ष्मी कोरली. परंतु या दागिन्याचे मूळ शोधत गेल्यास आपण एका शुभवर्तमानकाराच्या कबरीपाशी पोहोचतो, हे थोड्यांनाच ठाऊक आहे.

ती कबर संत मार्कची. परंपरेनुसार अलेक्झांड्रिया येथील ख्रिस्तसभेची स्थापना त्यांनी केली आणि तेथेच ते रक्तसाक्षी झाले. इ. स. ८२८ मध्ये बुओनो आणि रुस्तिको या दोन व्हेनिसच्या व्यापाऱ्यांनी त्यांचे पवित्र अवशेष गुपचूप उचलून आणले. मुसलमान जकातदारांनी तपासणी करू नये म्हणून पेटाऱ्यात वर डुकराचे मांस पसरले होते, असे कथा सांगते. व्हेनिसच्या महामंदिरात हा प्रसंग कुट्टिमचित्रांत अभिमानाने रंगविलेला आहे. आधीचे पालक संत थिओडोर मागे पडले आणि संत मार्क हेच त्या प्रजासत्ताकाचे नाव, निशाण व शपथ झाले.

इ. स. १२८४ मध्ये व्हेनिसने सोन्याचे नाणे पाडण्याचे ठरविले. एका बाजूस संत मार्क उभे असून त्यांच्यासमोर गुडघे टेकलेला राज्यप्रमुख, म्हणजे डोज, त्यांच्या हातून ध्वज स्वीकारतो. दुसऱ्या बाजूस ताऱ्यांनी वेढलेले प्रभू ख्रिस्त. ‘हे ख्रिस्ता, ज्या राज्यावर तुझी सत्ता आहे ते तुलाच अर्पण असो’, अशा आशयाची लॅटिन ओळ भोवती आहे. तिच्यातील अखेरच्या शब्दावरून नाण्याला ‘डुकॅट’ म्हणू लागले.

या नाण्याचा प्रवास मोठा विलक्षण आहे. व्हेनिसचे व्यापारी भारतातील मिरी आणि मसाले घेण्यासाठी जात, ते अलेक्झांड्रियालाच! ज्या नगरातून संताचा देह लपवून नेला, त्याच नगराच्या बाजारात त्याच संताची प्रतिमा मिरीचे मोल म्हणून उघडपणे परतली. इ. स. १४२५ मध्ये इजिप्तच्या सुलतान बार्सबाय याने आपल्या अश्रफीचे वजनही डुकॅटच्या बेताने ठरविले. तेथून हे सोने तांबड्या समुद्रामार्गे आपल्या पश्चिम किनाऱ्यावर उतरले.

येथे संत मार्कना कोण ओळखणार? दक्षिणेत लोकांनी त्या ध्वजदंडाला माड समजून ताडी काढणाऱ्या शाणाराचे चित्र त्यात पाहिले आणि नाण्याला ‘शाणार काशू’ म्हटले. आपल्याकडे ती नुसती ‘पुतळी’ झाली. नाव हरवले, तरी विश्वास टिकला. कारण सुमारे साडेतीन ग्रॅम वजन आणि जवळजवळ निखळ सोने हे प्रमाण व्हेनिसने पाचशे वर्षे ढळू दिले नाही. अनेक राजांनी अडचणीच्या काळी आपल्या नाण्यांत हीण मिसळले; येथे ते झाले नाही. इ. स. १७९७ मध्ये नेपोलियनपुढे प्रजासत्ताक कोसळले, तेव्हाही नाण्याची शुद्धता शाबूत होती.

आम्हांला येथे थोडे थांबून विचार करावासा वाटतो. कपटाने आणलेल्या अवशेषांचा अभिमान बाळगणाऱ्यांनी त्या संताच्या नावाचे नाणे मात्र खोटे होऊ दिले नाही. मनुष्याच्या भक्तीत असे हीण आणि सोने एकत्रच सापडते. परंतु हीण तसेच राहू द्यावे काय?

याचे उत्तर इ. स. १९६८ मध्ये मिळाले. पोप सहावे पॉल यांनी त्या अवशेषांचा एक भाग कॉप्टिक ख्रिस्तसभेच्या शिष्टमंडळाच्या स्वाधीन केला आणि कैरोच्या नव्या कॅथेड्रलमध्ये तो सन्मानपूर्वक ठेवण्यात आला. अकराशे चाळीस वर्षांनी संत मार्क इजिप्तला परतले.

आपल्या गळ्यात क्रूस आहे आणि नाव संताचे आहे. आपल्याला ओळखायला कोणी चुकणार नाही. पण ज्यांना आपला संत ठाऊक नाही, त्यांनी आपला शब्द, आपले माप आणि आपला हिशेब बघून आपल्यावर विश्वास ठेवावा, एवढी शुद्धता आपल्यात आहे का? लग्नघरी आजीची माळ मोडीत काढण्यापूर्वी, वाचकहो, ती एकदा तळहातावर घेऊन हा प्रश्न स्वतःला विचारावा, अशी आमची विनंती आहे.