कर्लीच्या मुखावरील पुळण व कागदांतील सीमा

जुन्या इनामपत्रांत व महजरांत भूमीची चतुःसीमा सांगतांना एखाद्या दिशेस ‘नदी’ किंवा ‘पुळण’ असा निर्देश असतो. अशा सीमेचें प्रामाण्य किती, याचा विचार मालवण किनाऱ्यावरील कर्ली नदीच्या आधारें येथें करावयाचा आहे.

कर्ली सह्याद्रींत उगम पावून पश्चिमेकडे वाहते. परंतु समुद्र जवळ येतांच तारकर्ली-देवबागच्या चिंचोळ्या वाळूच्या पट्टीनें अडून ती दक्षिणेकडे वळते व देवबागच्या टोकाशीं, भोगव्यासमोर, समुद्रास मिळते.

वाळूच्या तळावरून पाणी कसें वाहतें, हें तेथें ओहोटीच्या वेळीं डोळ्यांनीं पाहतां येतें. मंद प्रवाहांत तळावर लहान वळ्या उठतात. वेग वाढला कीं त्यांच्या जागीं मोठे उंचवटे होतात. त्यांची प्रवाहासमोरील बाजू सौम्य उताराची व पलीकडील उभी असते. कण चढावरून लोटले जाऊन पलीकडे कोसळतात आणि सबंध उंचवटा हळूहळू पुढें सरकतो. वेग फार वाढल्यास उंचवटे पुसले जाऊन तळ सपाट होतो. हा क्रम गिल्बर्ट या अमेरिकन भूशास्त्रज्ञानें कृत्रिम पाटांत प्रयोग करून इ. स. १९१४ मध्यें प्रसिद्ध केला. ब्रह्मपुत्रेसारख्या महानदींत तर असे उंचवटे कित्येक पुरुष उंचीचे असतात. तात्पर्य, पाणी तळास आकार देतें व तोच तळ उलट पाण्यास अडवितो. कर्लीच्या मुखाशीं पावसाळी पूर, भरती-ओहोटी व समुद्राच्या लाटा हीं तिन्ही एकाच वाळूवर काम करीत असतात. तेथें स्थैर्य कोठून असणार?

अमरकोशांत सैकत म्हणजे वाळूमय तीर, आणि पुलिन म्हणजे पाण्यांतून वर आलेलें. आपला ‘पुळण’ शब्द या पुलिनाचाच वंशज होय. जें पाण्यांतून वर आलें तें पुनः पाण्यांत जाऊंहि शकतें, हें ध्यानांत ठेवावें.

देवबागेजवळील वाळूच्या एका बेटास हल्लीं ‘सुनामी बेट’ म्हणतात व त्याची उत्पत्ति इ. स. २००४ च्या सुनामीशीं जोडतात. नांवावरून फार तर नांवाचा काळ ठरेल. वाळूचा ठरणार नाहीं.

मीं स्वतः एकदां एका घराण्याच्या दप्तरांतील कागद, त्यांतील नदीची सीमा आजच्या स्थळाशीं जुळत नाहीं एवढ्यावरूनच, बनावट ठरविला होता. कागद, शाई व मोडीचें वळण यांची परीक्षा मागाहून केली. त्यांत कांहीं दोष आढळला नाहीं. चूक कागदाची नव्हती, वाळूस साक्षीदार मानणाऱ्या माझी होती.

इ. स. १६६४ मध्यें सिंधुदुर्गाचा पाया कुरटे बेटाच्या खडकावर घातला गेला. म्हणून त्याच्या स्थळाविषयीं आज संशय नाहीं. खडकावरील व वाळूवरील स्थळांस एकच कसोटी लावूं नये. सीमा जुळली नाहीं म्हणून कागद टाकून देऊं नये. उलट, नदी पूर्वीं कोठून वाहत होती हें सांगणारा कदाचित् तोच एकमेव पुरावा असेल.