गाडीची पाटी आणि पांढुर्ण्याची मराठी

गोव्यात राहणाऱ्या माणसाला रस्त्यावर दुसऱ्याच्या गाडीचा नंबर वाचण्याची सवय आपोआप लागते. 'जीए' दिसले की आपला, 'एमएच-०७' दिसले की सावंतवाडी-कुडाळकडचा, 'केए-२२' म्हणजे बेळगावचा, आणि काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असली की भाड्याची गाडी स्वतः चालवत फिरणारा पर्यटक. मलाही ही सवय आहे. पण नंबर वाचता वाचता आपण आतल्या माणसाची भाषाही ठरवून टाकतो, आणि तिथे गफलत होते. 'एमपी-२८' लिहिलेली गाडी दिसली की आपण हिंदीत बोलायला सुरुवात करतो. प्रत्यक्षात ते कुटुंब पांढुर्ण्याचे किंवा सौंसरचे असेल, तर बहुधा घरात मराठीच बोलत असेल!

पांढुर्णा-सौंसर हा सातपुड्याच्या दक्षिण अंगाचा, नागपूर आणि अमरावती जिल्ह्यांना लागून असलेला मुलूख. संत्री आणि कापूस ही इथली ओळख. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन काठांवरचे पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांवर दगडगोटे फेकतात. त्या जीवघेण्या प्रथेचे 'गोटमार' हे नावसुद्धा मराठीच आहे. हा भाग छिंदवाडा जिल्ह्यात होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. छिंदवाड्याचा वाहनक्रमांक २८. जिल्हा नवा झाला म्हणून आधी नोंदलेल्या गाड्यांचे नंबर बदलत नाहीत, त्यामुळे इथल्या जुन्या गाड्यांवर तोच आकडा आहे.

मराठी माणसांच्या गाडीवर 'एमपी' कसे आले? आपल्याला वाटते, हा भाग कधीतरी मध्य प्रदेशात 'गेला'. इतिहास नेमका उलटा आहे. नागपूरकर भोसल्यांचे राज्य इंग्रजांनी खालसा केले आणि १८६१ साली मध्य प्रांत बनवला. राजधानी नागपूर. १९५० साली त्याच प्रांताचे नाव मध्य प्रदेश झाले, आणि राजधानी नागपूरच राहिली. म्हणजे त्या सहा वर्षांत नागपूरकर मंडळीही मध्य प्रदेशचीच होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि भोपाळ ही नव्या मध्य प्रदेशची राजधानी झाली. वाटणी प्रामुख्याने जिल्हा धरून झाली. छिंदवाडा जिल्हा एकूण हिंदी आणि गोंडी बोलणाऱ्यांचा, त्यामुळे त्याचा दक्षिणेकडचा मराठी तुकडाही त्याच्याबरोबर राहिला. पांढुर्णा कुठेच गेला नाही. नागपूर त्याला सोडून गेले.

वाहनावर नंबर लावण्याची पद्धत त्या मानाने नवी. पॅरिसच्या पोलिसांनी १८९३ साली तो हुकूम काढला, ब्रिटनमध्ये १९०४ पासून पाट्या सक्तीच्या झाल्या. हिंदुस्थानात मोटार वाहनांचा पहिला अखिल भारतीय कायदा १९१४ चा, दुसरा १९३९ चा. गोव्याच्या जुन्या गाड्यांवरची 'जीडीए', 'जीडीबी' ही अक्षरे अनेकांना आठवत असतील. त्यातला 'जीडी' गोवा आणि दमणचा. आज सर्वत्र दिसणारी राज्याची दोन अक्षरे आणि कार्यालयाचा आकडा ही रचना १९८८ च्या कायद्याबरोबर, म्हणजे १ जुलै १९८९ पासून आली. गोवा त्याआधी दोनच वर्षे, ३० मे १९८७ रोजी, राज्य झाले होते. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० आणि विरुद्ध १,७२,१९१ मते पडली. चौतीस हजार मतांचा तो फरक उलटा पडता, तर आज पणजीच्या गाड्यांवरही 'एमएच' असते. त्या निकालावर आपल्यात आजही मतभेद आहेत. पण गोव्यातली मराठी त्या पाटीवर अवलंबून राहिली नाही, हे तर दोन्ही बाजूंना मान्य व्हावे.

पाटीवर राज्य का लिहावे लागते? कारण कायदा केंद्राचा असला तरी वाहनकर राज्याचा. बहुतेक राज्ये खासगी मोटारीचा कर नोंदणीच्या वेळीच एकरकमी घेतात. म्हणून गाडी कायम जिथे ठेवली जाते तिथे नोंदवायची. नोंदणी देशभर चालते, फिरायला गेलेल्याला काही करावे लागत नाही. मात्र परराज्यात गाडी बारा महिन्यांहून अधिक ठेवली तर कलम ४७ प्रमाणे तिथला नवा नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी अठ्ठावीस नंबरच्या अर्जाने मूळ कार्यालयाचा ना-हरकत दाखला, सत्तावीस नंबरच्या अर्जाने नवा क्रमांक, नव्या राज्याचा कर, आणि जुन्या राज्याकडून उरलेल्या कराचा परतावा. सौंसरचा मुलगा नोकरीसाठी नागपुरात राहिला, की त्याला हे सगळे करणे भाग. आजोबांच्या काळी जी आपली राजधानी होती, तिथे नातवाची गाडी परराज्याची! बांद्याहून गोव्यात येऊन स्थायिक झालेल्यालाही हेच सोपस्कार आहेत.

सप्टेंबर २०२१ पासून 'बीएच' ही भारत मालिका आली. तिच्यात कर दोन-दोन वर्षांचा भरता येतो आणि राज्य बदलले तरी नंबर तोच राहतो. पण ती सरकारी आणि संरक्षण खात्यातल्या नोकरदारांसाठी आणि चार किंवा अधिक राज्यांत कार्यालये असलेल्या खासगी कंपन्यांतल्या कर्मचाऱ्यांसाठी. सीमेच्या दोन्ही बाजूंना सोयरीक असलेल्या संत्राबागाईतदाराला तिचा उपयोग नाही.

भाषेला तर पाटीवर जागाच नाही. केंद्रीय नियमांप्रमाणे अक्षरे आणि आकडे इंग्रजीच हवेत. देवनागरी आकड्यांची पाटी महाराष्ट्रातही दंडाला पात्र आहे. तरी हौशी माणसे पैसे मोजून एक्केचाळीस-एक्केचाळीस हा नंबर घेतात आणि इंग्रजी आकडे असे वळवतात की 'दादा' वाचले जावे. तेही नियमबाह्यच. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना अशोकचक्राचा होलोग्राम आणि लेझरने कोरलेला क्रमांक असलेली उच्च सुरक्षा पाटी सक्तीची झाली, त्यामुळे ही कलाकुसर आता कठीण झाली आहे. चोरीच्या गाड्यांचा विचार करता ते योग्यच म्हणावे लागेल.

पाटीने गाडीचा मालक आणि तिचा कर सांगावा, एवढेच तिचे काम. माणसाची भाषा सांगणे हे तिचे काम नव्हे. ते काम आपण तिच्यावर लादले, आणि त्यात पांढुर्ण्यासारख्या सीमेवरच्या मराठी माणसांना परके ठरवून बसलो. तेव्हा पुढच्या वेळी म्हापशाच्या बाजारात 'एमपी-२८' दिसली आणि आतल्यांनी रस्ता विचारला, तर पहिले वाक्य मराठीत बोलून पाहावे. उत्तर वऱ्हाडी-नागपुरी वळणाच्या मराठीत येण्याची बरीच शक्यता आहे.